अचानक आलेला आकडा

सकाळी सव्वाअकरा वाजता मी शर्यतीच्या एका गाडीत, मासळीच्या लाकडी खोक्यावर, कमरेला पट्टा आवळून बसलो होतो, आणि गाडीच्या चारही बाजूंना ओला जवळा पसरलेला होता. त्याच संध्याकाळी पाचच्या आत बोईसरला पोचून माझा राजीनामा परत घ्यायचा की तसाच पुढे जाऊ द्यायचा, याचा निकाल लागायचा होता. गाडी चालत नव्हती. चालली असती तरी तिला हलवायला परवानगी नव्हती. आणि हे सगळं माझं मीच करून ठेवलेलं असल्यामुळे ते सांगताना मला आजही फार मजा येते. दुसऱ्याने केलं असतं तर मी रडलो असतो.

ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. टाक्यांचं तापमान, दाब, पातळी दाखवणारी जी उपकरणं असतात, ती खरं बोलतायत ना हे बघणं आमचं काम. विभागाचे साहेब काटक, कमी बोलणारे, खिशाला चार पेनं लावणारे. त्यांतलं एक लाल. त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या दिवशी एक वाक्य शिकवलं आणि पुढची आठ वर्षं तेच शिकवत राहिले: "अचानक आलेला आकडा खोटा समजायचा. तीनदा आला तर विचार करायचा."

याला कारण होतं. पावसाळ्यात तारांच्या जोडात ओल शिरली की साठ अंशांवर शांत बसलेली टाकी एका क्षणात दीडशे दाखवायची. एकदा अशाच आकड्यावर विश्वास ठेवून शिफ्टमधल्या एका माणसाने भरलेली टाकी ओतून दिली होती. साहेब म्हणायचे, टाकी हळूहळू तापते, ती उडी मारत नाही. उडी मारली ती तारेने मारली.

आठ वर्षं ऐकल्यावर अशी गोष्ट डोक्यात राहत नाही, हाडांत जाते. मी बाजारात भाजीवालीने भाव सांगितला तरी तीनदा विचारायचो. बायको म्हणायची, तिसऱ्यांदा विचारल्यावर ती वाढवून सांगते, तुमच्या लक्षात येतंय का?

शेजारी रंगाचा कारखाना होता. त्याच्या मालकाचा एक पुतण्या होता, माझ्याच वयाचा, तिशीतला, मुंबईहून येऊन-जाऊन असणारा. कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये रंगाच्या पिंपांआड त्याने एक जुनी गाडी उभी केली होती. आतून सोललेली. मागची सीट नाही, पुढची डावी सीट नाही, चालकाची खिडकी तेवढी उघडी, बाकी काचांऐवजी प्लॅस्टिकचे पत्रे रिव्हेट मारून बसवलेले, आणि वजन कमी करायचं म्हणून डाव्या दाराची आतली मूठसुद्धा काढून टाकलेली. धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतीसाठी. सरळ चारशे मीटर पळायचं, वळण नाही, चढ नाही, आधी पोचला तो जिंकला. पुतण्या मला चहाच्या टपरीवर भेटायचा आणि त्या चारशे मीटरबद्दल असा बोलायचा की जणू तिकडे जगन्नाथाचा रथ चाललाय.

त्याचा सगळा राग ठिणगीवर होता. इंजिनात ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडायची हे जुन्या गाड्यांत स्प्रिंग आणि छोटी वजनं ठरवतात. इंजिन जोरात फिरू लागलं की ठिणगी थोडी आधी पडावी लागते. गॅरेजवाले याला टायमिंग आगे-पीछे करणं म्हणतात. स्प्रिंग जुन्या झाल्या की हा हिशेब चुकतो. मी चहाचा कप खाली ठेवून, आवाज जरा खाली नेऊन म्हटलं, "शेठ, स्प्रिंग फेकून द्या. आकड्यांनी करू."

त्या वेळी मायक्रोप्रोसेसर हा शब्द बोईसरमध्ये आवाज खाली नेऊनच उच्चारण्यासारखा होता. मी दोन महिने खपून एक बॉक्स बनवला. इंजिन किती वेगाने फिरतंय हे तो मोजायचा आणि त्याप्रमाणे ठिणगीची वेळ ठरवायचा. बाहेरच्या बाजूला आकडे फिरवायच्या तीन छोट्या चकत्या, वेळ पुढेमागे करायला. चौथी चकती झाकणाखाली, आत. ती मी माझ्या सवयीने बसवली होती: वेगाच्या आकड्याने उडी मारली, तर तो तसाच किती वेळा आला म्हणजे खरा मानायचा, ते ती ठरवायची. मी ती तीनवर ठेवली आणि वर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

हा आमच्या विभागाचा रिवाज. एकदा जुळवलेला स्क्रू कोणी फिरवू नये म्हणून त्यावर नेलपॉलिश लावायचं. बाटली साहेबांच्या कपाटात असायची, एक माझ्या पिशवीतही. ठिपका वाळला की तो स्क्रू जगातून नाहीसा झाला. साहेबांच्या सहीशिवाय त्याला नख लावायचं नाही. मीही त्या चकतीला विसरून गेलो.

टेबलावर छोट्या मोटरने फिरवून बघितलं तेव्हा बॉक्स अप्रतिम चालला. मी मोटर हळूहळू वाढवत होतो, टाकी तापवावी तशी.

पुतण्या म्हणाला, "मास्टर, मी पुण्याला वर्कशॉप काढतोय. हा बॉक्स गाडीवर चालला की तू तिकडे. अर्धा-अर्धा."

एवढं पुरे होतं. सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी कॅन्टीनच्या बाकावर चढलो. चढायची गरज नव्हती, सगळे बसूनच ऐकत होते. मी म्हटलं, मित्रहो, मी निघालो, यापुढे मला बघायचं तर तिकीट काढून यावं लागेल. कोणीतरी पाठीमागून म्हणालं, "प्लॅटफॉर्मचं का?" मी दुर्लक्ष केलं. बाकावरून उतरून तसाच साहेबांकडे गेलो आणि पत्र ठेवलं.

साहेबांनी ते वाचलं, परत वाचलं आणि खणात घातलं. "शनिवारी पाचपर्यंत माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "पाचनंतर मुंबईच्या ऑफिसच्या टपालात. मग माझ्या हातात काही नाही. घर कंपनीच्या वसाहतीतलं आहे ना तुमचं?"

"हो."

"बरं," म्हणून ते पुन्हा तापमानाच्या तक्त्यांकडे वळले.

घरी बायको शांतपणे म्हणाली, "आधी गाडी पळू द्यायची, मग बाकावर चढायचं. तुम्ही क्रम चुकवला." ती भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी चांगला आहे.

चाचणी शनिवारी सकाळी. मी रजा टाकली होती. पाम गावाच्या पुढे, खाडीच्या बाजूला एका कोळीवाड्याच्या कडेने समुद्रापर्यंत जाणारा एक डांबरी रस्ता होता. धक्का होणार म्हणून केलेला. धक्का झाला नाही, रस्ता राहिला. जवळजवळ पाऊण किलोमीटर, पट्टीने आखल्यासारखा, आणि शेवटी वाळू. रहदारी शून्य. त्या रस्त्यावर खरा हक्क होता गावच्या बायकांचा. त्या तिथे जवळा सुकवायच्या. जवळा म्हणजे कोळंबीची बारीक, तांदळाएवढी जात. तापलेल्या डांबरावर एका दिवसात कुरकुरीत होते.

पुतण्या आदल्या दिवशी जाऊन विचारून आला होता. बायकांमध्ये एक वयस्क मावशी होती, तिचा शब्द चालायचा. ती म्हणाली होती, "ऊन येईस्तोवर चालवा. ऊन आला का रस्ता आमचा."

शनिवारी आभाळ होतं. बायका टोपल्या घेऊन कडेला बसून होत्या आणि आम्ही त्यांची करमणूक करत होतो. बॉक्स गाडीला घट्ट बसवायला वेळ मिळाला नव्हता, म्हणून तो माझ्या मांडीवर. मला सीट नव्हती म्हणून खाली खोकं, खोक्याला दोरी, मला पट्टा. पुतण्याने बाहेरून दार लावलं. आत मूठ नाही हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि दार लागल्याचा आवाज ऐकणं यांत फरक असतो.

गाडी शेडपासून इथपर्यंत आरामात आली होती. सावकाश चालवली की इंजिन मांजरासारखं गुरगुरायचं. पण पुतण्याने पाय दाबला, की ती खोकायची, पाठीमागून फाट फाट आवाज काढायची आणि धापा टाकत बसायची. मी बाहेरच्या तीन चकत्या फिरवल्या. दुसरी खेप, तेच. आणखी फिरवल्या. तिसऱ्या खेपेला रस्त्याच्या बरोब्बर मध्यावर तिने दोन फटाके उडवले आणि बंद पडली. स्टार्टर फिरत राहिला, प्लग ओले झाले, पेट्रोलचा वास भरला.

आम्ही दोघे बॉक्सवर डोकी जोडून बसलो. मी सांगत होतो की बॉक्समध्ये दोष असूच शकत नाही. तेवढ्यात त्याच्या खिडकीशी मावशी आली. "दादा, गाडी हितंच रानार काय?"

मी मान वर न करता हात हलवला. "राहणार, राहणार."

"हलनार नाय ना मंग?"

"कुठली हलतेय," मी मनापासून म्हटलं. "नाही हलत ही."

"बरा," ती म्हणाली आणि गेली.

पुन्हा मान वर केली तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. झाडूने रस्ता झाडून झाला होता. समोर, मागे, दोन्ही बाजूंना, चाकांपासून वीतभर जागा सोडून, गुलाबीसर ओला जवळा. आम्ही बेटावर होतो.

पुतण्या दार उघडायला गेला. बाहेरून तिघीचौघी एकदम ओरडल्या. दार उघडलं की तळाची कड जवळ्यावरून फिरणार. त्याने खिडकीतून पाय काढला. मावशी पुढे आली.

"पाय आत घे. तेल लागलाय तुझ्या पायाला. वास लागला तर माजा जवला कोन घेल?"

"मावशी, चप्पल काढतो."

"चप्पल काढशील, हात काढशील काय? ते बग कशे हायत."

आमचे हात खरोखर पाहण्यासारखे होते. मी माझ्या बाजूच्या प्लॅस्टिकला तोंड लावून, त्यातल्या छोट्या भोकातून माझा सर्वांत गोड आवाज काढला. "मावशी, मला पाचला बोईसरला पोचायचंय. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे हो."

"मंग बोललास कशाला, हलत नाय म्हनून? आमी तुला इचारला ना? दोनदा इचारला."

तीनदा विचारायला हवं होतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. गिळलं.

"चार वाजता उचलू," ती म्हणाली. "आनि गाडी चालू करायची नाय. धूर नको. आनि खालून तेल गलतंय, त्याला घमेला लाव." एका बाईने काठीने ढकलत एक घमेलं गाडीखाली सरकवलं. मग सगळ्या आपापल्या कामाला लागल्या, आणि आमच्याकडे कोणी बघेना.

मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी कंटाळलो आहे, पण त्या गाडीत मला कळलं की कोंडणं म्हणजे काय. माझ्या बाजूला उघडी खिडकी नाही, दाराला मूठ नाही. खोक्याच्या फळ्यांमधल्या फटी मला मोजता येत होत्या, बघून नव्हे, बसून. पट्ट्याची कडी इतकी तापली की हात लावता येईना, म्हणून तो सोडवताही येईना. वर पत्रा, खाली पत्रा, बाहेर उन्हात जवळा वाळतोय, आत मी. वासावरून आमच्यात फरक करता आला नसता.

पुतण्याने पहिला तास विनोद सांगण्यात घालवला. दुसऱ्या तासात तो गप्प झाला. माणसं अशा जागी गप्प झाली की खरं बोलायच्या बेतात असतात.

"मास्टर, एक सांगू?"

"नको."

"पुण्याचं अजून काकांनी हो म्हटलेलं नाही."

मी बॉक्सकडे बघत राहिलो. "कधी म्हणणार?"

"गाडी जिंकली तर म्हणतील."

"आणि नाही जिंकली तर?"

"तर गाडी विक म्हणतील. पिंपं ठेवायला जागा कमी पडते म्हणतात."

"तू मला अर्धा-अर्धा म्हणालास."

"म्हणजे, जे होईल त्यातलं अर्धं. अजून काही झालेलं नाही, त्यातलं अर्धं तुझंच."

त्याला मारायचं तर पट्टा आड येत होता. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याइतकाच घाम होता, आणि काकांच्या शेडमध्ये पिंपांआड तोही आठ-दहा वर्षं उभाच होता. मी मनात ठरवून टाकलं: चार वाजता रस्ता मोकळा झाला की थेट बोईसर, साहेबांचे पाय, पत्र परत. कॅन्टीनमध्ये काय बोलायचं ते वाटेत सुचेल.

दीडच्या सुमाराला मावशीने तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील पुतण्याच्या खिडकीतून दिला. ती जवळ्यातून मधल्या पायवाटेएवढ्या पट्ट्यावरून अनवाणी यायची, एक दाणा न तुडवता. मग ती रस्त्याच्या कडेला, माझ्या समोर, खड्यांचा ढीग घेऊन बसली. कावळ्यांची वेळ झाली होती.

माझ्याकडे बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नारळाच्या झाडावरून कावळा सुटायचा, आणि त्याने पंख नुसते मिटले की मावशीचा खडा निघालेला असायचा. खाली पोचायच्या आत कावळा वळायचा. दहा-बारा वेळा मी हे बघितलं. नेम नव्हे, वेळ. खडा कावळ्याच्या आधी निघत होता.

भोकाला तोंड लावून मी म्हटलं, "मावशी, तो तर अजून बसलाही नव्हता. नुसताच उडत जाणारा असला तर?"

"मंग खडा फुकट गेला. खडं काय कमी हायत?"

"पण आधी नीट बघून..."

"तू बग नीट. पयल्यांदा दिसला का हानायचा. दोनदा, तीनदा बगत बसली तर जवला त्याचा, न् मी त्याची पावनी."

बाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो, शेवटपर्यंत हसलो नाही. मध्येच थांबलो. मांडीवरच्या बॉक्सकडे बघितलं.

शर्यतीच्या गाडीचं इंजिन टाकीसारखं तापत नाही. पाय दाबला की ते उडीच मारतं, आणि मारतच राहतं. दोन आकडे एकसारखे येतच नाहीत. आणि माझा बॉक्स, साहेबांचा आज्ञाधारक शिष्य, प्रत्येक आकड्याला म्हणत होता, तू अचानक आलास, तू खोटा, तीनदा ये. इंजिन जिवाच्या आकांताने पळत सुटलेलं, आणि बॉक्स ठिणगी टाकतोय ती गाडी उभी असतानाच्या वेळेप्रमाणे. म्हणून खोकणं, म्हणून फटाके. संध्याकाळपर्यंत चकत्या फिरवल्या असत्या तरी उपयोग नव्हता, कारण जी फिरवायची ती आत होती, आणि तिच्यावर ठिपका होता.

"काय झालं?" पुतण्या म्हणाला. "तुला ऊन लागलं का?"

मी झाकण उघडलं. लाल ठिपका मुगाच्या दाण्याएवढा, चकचकीत. आता इथे कोण साहेब, कुठली सही. पण खरं सांगतो, माझं नख त्यावर टेकेना. मी उगीच मागे वळून बघितलं, जवळ्याच्या पलीकडे कोणी चार पेनं लावून उभं आहे का. मग खरवडला. तो नखाखाली रुतून बसला. चकती तीनवरून एकवर आणली. एक म्हणजे पहिल्याच झटक्याला विश्वास.

"आता चालेल," मी म्हटलं.

"सकाळपासून तू हेच म्हणतोयस."

"आता चालेल."

"मग चालव."

चालवणार कशी? धूर नको. तीन वाजले नव्हते. त्याच्या आधीचे तास कठीण होते, पण यापुढचा सव्वा तास त्याहून कठीण गेला. उत्तर मांडीवर घेऊन बसायचं आणि ते खरं आहे का हे बघायला किल्ली फिरवायची नाही. मी घड्याळाकडे बघायचो, मावशीकडे बघायचो. ती जवळा परतत होती, सावकाश, एका लयीत, तिला पाचला कुठेही पोचायचं नव्हतं.

चारला बायका उठल्या. आधी बोईसरकडची बाजू उचलली. खराट्याने कड ओढायची, सुपाने भरायचं, टोपलीत. सव्वाचारला मागचा रस्ता स्वच्छ. पंधरा मिनिटांत समोरचाही, थेट वाळूपर्यंत. प्लग एव्हाना वाळले होते. किल्ली फिरवली, इंजिन लागलं.

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. त्याने पुण्याबद्दल कबूल केलं होतं, म्हणून तो आता सज्जनासारखा वागत होता. "मास्टर, तू सांग. बोईसर, का समुद्र?"

साडेचार झाले होते. बोईसर निदान पंचवीस मिनिटं. सगळं शहाणपण मागच्या बाजूला होतं: साहेबांचा खण, कंपनीचं घर, बायको. समोर वीस सेकंदांचं काम होतं. वीस सेकंदांनी काय होतंय, असं मी स्वतःला तीनदा विचारलं नाही.

"समुद्र," मी म्हटलं.

बायका टोपल्या कमरेवर घेऊन दोन्ही कडांना उभ्या राहिल्या. पुतण्याने गाडी मागे, रस्त्याच्या सुरुवातीला नेली. "चालते काय बगू आता तरी," मावशीचा आवाज आला. त्याने पाय दाबला.

ती खोकली नाही. मला एवढंच आठवतं की खोकं माझ्याखालून निघून गेलं आणि पट्ट्याने मला धरून ठेवलं. बायका, टोपल्या, नारळ सगळ्यांची एक रेघ झाली. बॉक्स माझ्या पोटात घुसला होता आणि मी त्याला मिठी मारून ओरडत होतो. आनंदाने. पुतण्याही ओरडत होता. दोघांनाही ऐकू येत नव्हतं. इतकी वर्षं मी काट्यांना शांत बसवत आलो होतो, आणि इथे काटा उडाला तो परत येईना, आणि तो खरा होता.

मग रस्ता संपला. आम्ही सकाळपासून एकदाही इतक्या वेगाने त्या टोकाला पोचलो नव्हतो, त्यामुळे ब्रेक कुठे लावायचा हे कोणी ठरवलंच नव्हतं. गाडी वाळूत शिरली आणि पोटापर्यंत बसली. माझ्या दारासमोर वाळूचा ढीग.

पुतण्या खिडकीतून बाहेर पडला आणि ओल्या वाळूवर नाचू लागला. मी आत. बाहेर मूठ होती, पण आता दार उघडायला जागा नव्हती. त्याच्या बाजूने निघावं तर पट्ट्याची कडी वाकून अडकलेली. घड्याळात पाचला वीस कमी होते, मग दहा, मग पाच. मी प्लॅस्टिकमधून समुद्र बघत बसलो. पाच वाजले ते मी तिथूनच बघितले. काहीच झालं नाही. एक होडी येत होती.

शेवटी होडीवरची माणसं आली. त्यांनी चाकांखाली होड्या ओढायचे ओंडके टाकले, मागे जाड दोर बांधला. मावशीने प्लॅस्टिकला नाक लावलं.

"हा आजून आतच हाय?"

"आहे, मावशी."

"मंग बस आता. वजन लागतंच."

त्यांनी मला आत ठेवूनच गाडी ओढली, होडी ओढतात तशी, एका सुरात. डांबराला चाकं लागली तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. मावशीने बाहेरची मूठ फिरवून दार उघडलं आणि मासळी कापायच्या सुरीने पट्टा कापला. माझे पाय इतके बधिर होते की मी तिच्या पुढ्यात गुडघ्यांवरच उतरलो. "ऱ्हाऊदे, ऱ्हाऊदे," ती म्हणाली, "पाया नको पडू."

रविवारचा दिवस मी घरात काढला. बायकोने ट्रंका खाली काढल्या होत्या. कॅलेंडरकडे ती बघत नव्हती, मीही नाही. तिने एकदाच विचारलं, "पळाली का?"

"पळाली."

"मग निदान तेवढं तरी," ती म्हणाली, आणि माझ्या नखाखालचा लाल रंग बघून तिने आणखी काही विचारलं नाही.

सोमवारी मी साहेबांसमोर उभा राहिलो. बाकावर चढताना जेवढा उंच होतो त्याच्या निम्मा.

"घर कधीपर्यंत रिकामं करायचं, साहेब?"

"का?"

"शनिवारी पाचला मी पोचलो नाही."

"मी होतो साडेपाचपर्यंत." त्यांनी खण उघडला. माझं पत्र तिथेच होतं, तापमानाच्या जुन्या तक्त्यांच्या खाली. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने, नीट, गोलात, एकचा आकडा घातलेला.

"टपालात गेलं नाही?"

"आठ वर्षं एका रेषेत चाललेला माणूस सोमवारी दुपारी बाकावर चढतो," साहेब म्हणाले. "अचानक आलेला आकडा मी मानत नाही. तीनदा आला तर बघू." त्यांनी खण बंद केला. "दोन नंबरच्या टाकीचा काटा हलतोय. ओल आली असेल. बघून घ्या."

मी टाकीवर चढलो. ओलच होती. तार पुसली, जोड घट्ट केला, वर लाल ठिपका दिला. खाली कारखाना, पलीकडे रंगवाल्यांची शेड, त्यापलीकडे झाडांमागे कुठेतरी तो रस्ता. माझी सुटका झाली होती की मी पुन्हा पकडला गेलो होतो, हे मला तिथे उभं राहून ठरवता आलं नाही, आणि खाली उतरायची घाईही नव्हती.

पुतण्या शर्यतीत दुसरा आला. किती गाड्या होत्या ते त्याने सांगितलं नाही. काकांनी गाडी विकायला लावली आणि तिच्या जागी पिंपं ठेवली. बॉक्स त्याने मला परत आणून दिला. तो माझ्या कपाटावर आहे, चकती एकवर, ठिपक्याशिवाय.

सहा वर्षांनी मी दुसरा राजीनामा दिला, एका वेगळ्या आणि आणखी मूर्ख कारणासाठी. साहेबांनी तो वाचला, लाल पेन काढलं, कोपऱ्यात दोन लिहिलं आणि खणात टाकला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, मोठ्या कुतूहलाने, आता काय होतंय याची वाट बघत.

तिसरा लिहायला मी कितीदा बसलो आहे. शाई भरतो, तारीख घालतो. मग वाटतं, हा खराच जाईल.